अस्वलाच्या रानात जाताना

धुळ्याच्या देवपुरातून मुंबई-आग्रा महामार्गाने उत्तरेला निघालं, की नरडाणा मागे टाकून आपण तापी ओलांडतो, शिरपूर येतं आणि समोर सातपुड्याची रांग दिसू लागते. देवपुरातल्या कॉलेजांत शिकणारी कितीतरी मुलं याच डोंगरातल्या पाड्यांवरची. सुट्टीत घरी गेली की ती आईबापांबरोबर मोह वेचायला, तेंदूपत्ता तोडायला रानात जातात. आता त्यांच्या मागोमाग शहरातले मित्रही हौसेने डोंगर चढायला जाऊ लागलेत. हा लेख या दोघांसाठी आहे.

रानात जाताना सगळे बिबट्याला घाबरतात. अस्वलाचा विचार फारसा कुणी करत नाही. दरवेशाबरोबर दारोदार फिरणारं, नाकात वेसण घातलेलं अस्वल ज्यांनी लहानपणी पाहिलं, त्यांना तर ते गरीब जनावर वाटतं. प्रत्यक्षात मध्य भारताच्या जंगलात माणसाला जखमी करणाऱ्या प्राण्यांत अस्वल फार वरच्या क्रमांकावर आहे. १९८९ ते १९९४ या पाच वर्षांत त्या वेळच्या अखंड मध्य प्रदेशात अस्वलांच्या हल्ल्यांत ४८ माणसं दगावली आणि ६८७ जखमी झाली, अशी नोंद आहे. म्हणजे हल्ला झालेली बहुतेक माणसं वाचली, पण त्यातल्या अनेकांचा चेहरा, डोळा किंवा डोक्याची कातडी गेली.

आपल्याकडे यावल अभयारण्याच्या प्राण्यांच्या यादीत अस्वल आहे. पूर्वेला सरकलं की बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात आणि पुढे मेळघाटात ते नेहमीचंच. जंगलाच्या कडेच्या मक्यात आणि भुईमुगातही ते उतरतं. त्यामुळे जळगाव-धुळ्याच्या माणसाला हा विषय परका नाही.

आधी शिकारीबद्दल बोलू. अमेरिका-कॅनडात परवाना काढून शिकारीला जाता येतं आणि तिथल्या शिकाऱ्यांना अस्वलापासून बचावाचे धडे दिले जातात. तिखटाच्या अर्काचा मोठा फवारा कंबरेला लावून ती माणसं जंगलात शिरतात. ते व्हिडिओ बघून इथे कुणी तसं करायला जाऊ नये, कारण आपल्याकडे वन्यप्राण्याची शिकार हाच गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे. अनुसूची म्हणजे कोणत्या प्राण्याला किती संरक्षण द्यायचं हे ठरवणारी यादी, आणि पहिली यादी सर्वांत कडक. त्यातला प्राणी मारला तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद होते, शिवाय निदान पंचवीस हजारांचा दंड.

याच कायद्याच्या ११ व्या कलमात एक सवलत आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिकपणे प्राणी मारला गेला तर तो गुन्हा ठरत नाही. पण त्या वेळी माणूस याच कायद्याविरुद्धचं काही करत असेल, म्हणजे सशासाठी फास लावत असेल किंवा डुकरासाठी बंदूक घेऊन दबा धरून बसला असेल, तर ही सवलत त्याला मिळत नाही. चोरटी शिकार करायला गेलेल्या माणसावर अस्वल धावून आलं, तर कायदा त्याच्या बाजूने उभा राहत नाही.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी शिकाऱ्याची चाल हीच अस्वलाच्या रानात सर्वांत घातक. शिकारी भल्या पहाटे निघतो, एकटा किंवा दुकटा असतो, पाय न वाजवता चालतो, वारा अंगावर घेऊन पुढे सरकतो. जनावराला आपला सुगावा लागू नये म्हणून तो हे सगळं करतो. आणि अस्वलाचे बहुतेक हल्ले नेमके सुगावा न लागल्यामुळेच होतात. माणूस अचानक पुढ्यात आला, की अस्वल पळण्याचा विचार न करता अंगावर येतं.

ते असं का वागतं, हे एकदा नीट समजून घेतलं की पुढची प्रत्येक सूचना आपोआप लक्षात राहते. आपल्या अस्वलाचं नाक फार तीक्ष्ण असतं, पण नजर आणि कान बेताचे. त्याचं मुख्य खाणं वाळवी आणि मुंग्या. पुढच्या पंजाच्या लांब, वाकड्या नखांनी ते वारूळ फोडतं, तोंड आत खुपसतं, नाकपुड्या मिटून घेतं आणि फुंकर मारून माती उडवत वाळवी ओढून घेतं. त्याच्या वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ही ओढ लागते. त्याचा फुरफुर-सूसू आवाज शांत रानात बराच लांबवर ऐकू येतो. अशा वेळी त्याला दुसरं काही ऐकू येत नाही, आणि नाकही मातीत असतं. आपण दहा पावलांवर जाऊन पोहोचलो तरी त्याला पत्ता नसतो.

दुसरं कारण वाघ. हजारो वर्षं हा प्राणी वाघाच्या शेजारी जगत आला आहे. त्याच्या अंगात हरणाची चपळाई नाही, झाडावर चढला तर मागोमाग बिबट्या येऊ शकतो. म्हणून जवळ आलेल्या शत्रूला पाठ न दाखवता आधी झडप घालायची, ही त्याची सवय. तो आपल्याला खायला येत नाही. आपल्याला दूर लोटायला येतो. मागच्या पायांवर उभा राहून तो पंजा मारतो, आणि तो पंजा माणसाच्या तोंडाच्या उंचीला येतो.

आता घरातून निघण्यापासून सुरुवात करू.

निघण्याआधी गावात विचारा. गेल्या आठवड्यात अस्वल कुठे दिसलं, कोणत्या नाल्याला पाण्यावर येतं, पिल्लंवाली मादी आहे का, हे गुराख्यांना पक्कं ठाऊक असतं. शहरातून आलेले लोक नेमकं हेच विचारत नाहीत. मोबाइलवरचा नकाशा बघून सरळ वर निघतात. त्या नकाशात गुहा आणि कपारी नसतात. नोव्हेंबर ते जानेवारीच्या सुमारास मादी अशाच एखाद्या कपारीत पिलांना जन्म देते, आणि पुढे कित्येक महिने ती पिल्लं पाठीवर घेऊन हिंडते. कपारीत डोकावून बघण्याची हौस रानात नको. पावसाने गाठलं तरी अनोळखी गुहेत आसरा घेऊ नये.

एकटं जाऊ नका. तिघं-चौघं असतील तर आवाज होतो, वास सुटतो, आणि काही झालंच तर हाताशी माणूस असतो. इथे नेहमी होणारी चूक अशी, की निघताना सगळे बरोबर असतात आणि रानात शिरल्यावर पांगतात. एक जण पुढच्या झाडाकडे जातो, दुसरी नाल्यात उतरते, आणि चौघांचा गट दहा मिनिटांत चार एकट्या माणसांचा होतो. एकमेकांचं बोलणं साध्या आवाजात ऐकू येईल एवढंच अंतर ठेवा.

हातात छातीएवढी उंच, मजबूत काठी हवी. काठीला घुंगरू किंवा बैलाच्या गळ्यातली छोटी घंटा बांधता आली तर फारच चांगलं. उत्तर गुजरातेतल्या अस्वलांच्या भागात संशोधकांनी अशीच ‘घंटीकाठी’ तयार करून गावकऱ्यांना दिली; चालताना ती वाजत राहते आणि गरज पडली तर आडवी धरता येते. पिशवीत दोन स्वच्छ सुती कापडं, पाणी आणि चार्ज केलेला फोन ठेवा. फोन हातात असला तरी कानात इअरफोन मात्र नको. वारुळाजवळचा तो फुरफुर आवाज ऐकू येणं, हा आपल्याला मिळणारा सर्वांत मोलाचा इशारा आहे.

कुत्रा बरोबर नेण्याबद्दल लोकांची मतं वेगवेगळी असतात. माझं मत स्पष्ट आहे: नेऊ नका. मोकळा कुत्रा अस्वलावर भुंकत जातो, अस्वल उलटून त्याच्या मागे लागतं आणि घाबरलेला कुत्रा धावत येतो तो मालकाच्याच पायात.

चालताना बोलत राहा. सतत ओरडायची गरज नाही. पण वळणावर, दाट झुडपात शिरताना, नाल्यात उतरताना आणि पाण्याचा खळखळाट असेल तिथे मोठ्याने हाक द्या, टाळ्या वाजवा, काठी दगडावर आपटा. समोरून वारा येत असेल तर आपला वास पुढे जात नाही. अशा वेळी आवाज दुप्पट करा. टणटणीच्या, म्हणजे घाणेरीच्या, जाळ्या ही अस्वलाची दिवसा पडून राहण्याची आवडती जागा. तिच्यामधून वाट काढण्यापेक्षा वळसा घालून जा.

जमिनीकडेही बघत चला. ताजं फोडलेलं वारूळ ओळखायला सोपं असतं: माती ओली, भोक हातभर खोल, आणि कडेला नखांच्या समांतर रेघा. मागच्या पायाचा ठसा अनवाणी माणसाच्या पावलासारखा दिसतो आणि त्यामुळे पुष्कळ जण फसतात. बोटांच्या पुढे नखांची टोकं उमटली आहेत का ते पाहा. पुढच्या पंजाच्या ठशात ती बोटांपासून बरीच लांब पडलेली असतात. विष्ठेत टेंभुर्णीच्या, बोराच्या बिया नाहीतर मुंग्यांची टरफलं दिसतात. विष्ठा ओलसर असेल किंवा वारुळाची माती अजून सुकली नसेल, तर तिथूनच मागे फिरा. थोडं पुढे जाऊन बघू, हा मोह टाळा.

आता मोहाच्या झाडाखालची वेळ. धोका इथे सर्वांत जास्त असतो, म्हणून इथे जरा थांबतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं रात्री उशिरा गळायला लागतात आणि सकाळपर्यंत पडत राहतात. अस्वलाला ही गोड फुलं अतिशय आवडतात. ते रात्रभर झाडाखाली चरतं. आणि आपली बाईमाणसं, पोरं फुलं गुरांनी खाऊ नयेत, दुसऱ्या कुणी नेऊ नयेत म्हणून अंधारातच टोपली घेऊन निघतात. झाडाखाली पोहोचली की वाकून, मान खाली घालून, गुपचूप वेचत बसतात. शिकाऱ्याच्या तीनही चुका, पहाट, शांतता आणि एकटेपणा, इथे पोटासाठी नकळत होतात. वाकलेल्या माणसाचं डोकं अस्वलाच्या तोंडासमोर येतं, ही त्यात भर.

एवढं करा. झाडाच्या शंभर पावलं आधी थांबा आणि जोरात हाका द्या, डबा वाजवा, टॉर्च फिरवा. काही हललं तर त्याला निघून जायला वेळ द्या. शक्य असेल तर नीट उजाडल्यावरच जा. अर्ध्या तासात थोडी फुलं जातील हे खरं, आणि ज्याच्या घरी वर्षाचं मीठमिरची या फुलांवर येतं त्याला ते सांगणं सोपं नाही. म्हणूनच पाड्यावरच्या सगळ्या घरांनी मिळून वेळ ठरवली तर कुणाचंच नुकसान होत नाही. वेचायला बसल्यावर गटातल्या एकाने आळीपाळीने उभं राहून चहूकडे बघत राहावं. लहान मुलांना मध्ये ठेवावं.

झाडाखालचा पाचोळा जाळण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. जागा साफ होते आणि जनावर दूर राहतं, असं लोक म्हणतात. पण उन्हाळ्यात हीच आग डोंगरभर पसरते, आणि जळालेल्या रानातलं अस्वल मग गावाकडे सरकतं. पाचोळा झाडून घ्या, खाली जुन्या साड्या अंथरा. साडी अंथरली की वाकून वेचायचा वेळही कमी होतो.

तेंदूपत्त्याचं काम एप्रिलच्या शेवटी आणि मे महिन्यात. त्याच दिवसांत टेंभुर्णीची फळं आणि चारोळी पिकते, आणि मेपासून अस्वलांचा जोडीने फिरण्याचा काळ सुरू होतो. नर-मादी एकत्र असतील तर दोन अस्वलं एकदम समोर येऊ शकतात. पानं तोडताना माणूस कंबरेइतक्या झुडपात असतो, पलीकडचं दिसत नाही. इथे बोलत राहणं हाच एक उपाय.

पहाटे टमरेल घेऊन झुडपाआड बसणाऱ्यावरही हल्ले झाले आहेत. घरात शौचालय असेल तर ते वापरा, हा सल्ला आरोग्यापुरताच नाही.

आणि कुठे तारेच्या फासात अडकलेलं अस्वल दिसलं तर जवळ जाऊ नका, सोडवायला तर मुळीच नाही. डुकरासाठी लावलेल्या फासात अस्वल अडकतं आणि वेदनेने वेडंपिसं झालेलं असतं. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि लोकांना लांब ठेवा.

इतकं करूनही अस्वल दिसलंच तर काय करायचं?

ते लांब असेल आणि त्याने आपल्याला पाहिलं नसेल, तर आल्या वाटेने हळूच मागे फिरा. फोटोसाठी थांबू नका. मोबाइलवर अस्वल नीट यावं म्हणून माणूस नकळत चार पावलं पुढे जातो, आणि त्या चार पावलांनी सगळं बिघडतं.

त्याने पाहिलं असेल तर पळू नका. अस्वल अवजड दिसलं तरी माणसापेक्षा वेगाने धावतं. झाडावरही चढू नका, ते आपल्यापेक्षा चांगलं चढतं. त्याच्याकडे तोंड ठेवून, साध्या आवाजात बोलत, एकेक पाऊल मागे घ्या. ते मागच्या पायांवर उभं राहिलं म्हणजे हल्लाच करणार असं नाही. बहुतेक वेळा वास घेऊन समोर काय आहे ते समजून घेत असतं. मात्र आपण त्याच्या आणि पिलाच्या मध्ये उभे आहोत का, हे आधी बघा आणि तसं असेल तर बाजूला सरका. त्याची पळायची वाट कधीही अडवू नका. दगड मारू नका.

ते धावून आलंच, तर गटातल्या सगळ्यांनी एकमेकांना चिकटून उभं राहावं, काठ्या वर कराव्यात आणि एकदम ओरडावं. पुष्कळदा अस्वल अर्ध्या वाटेवरून वळतं. वळलं नाही तर काठी आपल्या आणि त्याच्या मध्ये आडवी धरून ठेवा, त्याचा पंजा काठीवर येऊ द्या.

त्याने आपल्याला गाठलंच, तर ताबडतोब पालथे पडा. पोट आणि तोंड जमिनीला टेकवा. दोन्ही हातांची बोटं मानेमागे एकमेकांत घट्ट गुंफा आणि कोपरं कानांच्या बाजूला दाबून घ्या, म्हणजे मान, कान आणि गाल झाकले जातात. पाठीवर पिशवी असेल तर ती काढू नका. पाय थोडे फाकून ठेवा, म्हणजे ते सहज उलटं करू शकणार नाही. उलटं केलंच तर गडगडत परत पालथे व्हा. या क्षणी हात पुढे करून त्याला ढकलावंसं वाटतं, आणि मग तोंड उघडं पडतं. घरी एकदा चटईवर पडून ही स्थिती करून पाहा, मुलांकडून करून घ्या. अंगाने शिकलेलं घाबरल्यावरही आठवतं.

आपल्या अस्वलाचा हल्ला सहसा थोडाच वेळ चालतो. समोरचा हलत नाही असं दिसलं की ते सोडून जातं. ते गेल्यावर लगेच उठू नका; मादी थोडं पुढे जाऊन मागे वळून बघत असते. आवाज पूर्ण थांबल्यावर हळूच डोकं उचला.

साथीदारांनी पळ काढू नये. एकत्र राहून आरडाओरडा करत, काठ्या आपटत पुढे सरकलं की अस्वल बरेचदा माणसाला सोडतं. कुऱ्हाड घेऊन एकट्याने तुटून पडलं, तर एका जखमीचे दोन होतात.

आता जखमेकडे. आधी रक्त थांबवायचं. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून दहा मिनिटं सलग दाबून धरा. मध्ये उचलून बघू नका. डोक्याची कातडी सुटून लोंबत असेल तर कापून टाकू नका. ती पाण्याने हलकेच धुऊन जागेवर बसवा आणि वर कापड बांधा. डॉक्टर ती शिवू शकतात. डोळ्याला लागलं असेल तर दाब देऊ नका, वरून सैल झाका. तोंडातून रक्त येत असेल तर माणसाला उताणं झोपवू नका, कुशीवर वळवा, नाहीतर रक्त घशात जातं. हळद, चुना, तंबाखू, झाडपाला यातलं काहीही जखमेत भरू नका. रक्त आटोक्यात आल्यावर ओरखडे साबण आणि भरपूर पाण्याने धुवा.

१०८ ला फोन करा. डोंगरात रेंज नसते आणि गाडी पाड्यापर्यंत येत नाही, म्हणून झोळी करून माणसाला रस्त्याला आणण्याची तयारी एकीकडे सुरू ठेवा. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात पहिले उपचार होतात. चेहऱ्याची, डोळ्याची, डोक्याची मोठी जखम असेल तर पुढे धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय रुग्णालयात किंवा जळगावच्या शासकीय रुग्णालयात न्यावं लागतं. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि रेबीजची, म्हणजे पिसाळण्याच्या रोगाची, लस दोन्ही मागून घ्या. ही लस कुत्रा चावल्यावरच घ्यायची असते असा समज आहे. जंगली प्राण्याच्या चाव्यानंतरही ती लागते. खोल जखमेला लसीबरोबर जखमेत टोचायचं वेगळं औषधही देतात. घरी सोडल्यावर टाके भरून आले की लोक पुढचे डोस टाळतात, तसं करू नका.

त्याच दिवशी वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवा. हल्ल्याच्या जागेचा पंचनामा होणं गरजेचं असतं. सरकारी डॉक्टरांचा दाखला आणि रुग्णालयाचे कागद जपून ठेवा. अस्वलाच्या हल्ल्यात मृत्यू झाला तर राज्य शासन वारसांना २५ लाख रुपये देतं, आणि गंभीर जखमीला ५ लाख. जखमी माणूस त्या वेळी वन्यजीव कायदा मोडत असेल, तर मात्र हे पैसे मिळत नाहीत. कागदांची धावपळ जखमीच्या बायको-मुलांवर टाकू नका; पाड्यावरच्या शिकलेल्या मुलांपैकी एकाने ती अंगावर घ्यावी.

वनरक्षकाला जागा दाखवताना आजूबाजूच्या पाड्यांनाही ती सांगा: कोणता नाला, कोणतं झाड, बरोबर पिल्लं होती का. निदान काही दिवस तिकडे कुणी वेचायला जाऊ नये. आणि तरण्या पोरांची टोळी काठ्या-कुऱ्हाडी घेऊन अस्वलाचा माग काढायला निघाली, तर वडीलधाऱ्यांनी तिला गावाच्या वेशीवरच अडवावं. घाबरलेल्या, घेरलेल्या अस्वलाच्या पुढ्यात गेलेल्या गर्दीतलाच कुणीतरी दुसरा जखमी होतो.